डीपी जळते म्हणजे नेमके काय होते?

रब्बीची पेरणी उरकून ज्वारी-हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक मथळा ठरल्यासारखा येतो : डीपी जळाली, पिके सुकू लागली. बातमीत जळाल्याचा उल्लेख असला तरी आगीच्या ज्वाळा सहसा कोणी पाहिलेल्या नसतात. दोन खांबांच्या मधली राखाडी पेटी कालच्यासारखीच आजही उभी असते, फक्त तिच्यातून वीज येईनाशी झालेली असते. शेतकरी वर्गणी गोळा करतात, ट्रॅक्टर जोडतात, दुरुस्त केलेली पेटी आणून चढवतात आणि कित्येकदा पंधरवड्यात तीही जाते. तेव्हा पारावर दोनच निदाने ऐकू येतात : माल हलका होता, किंवा दुरुस्ती नीट झाली नाही. ही दोन्ही कारणे कधीकधी खरी असतात, परंतु बहुतेक वेळा खरे कारण पेटीच्या बाहेर, विहिरींवर असते.

या पेटीला सरकारी मराठीत रोहित्र म्हणतात, इंग्रजी शब्द ट्रान्सफॉर्मर आहे आणि गावात ती डीपीच असते. तिच्यात फिरणारा, घासणारा किंवा झिजणारा एकही भाग नसतो. ज्यात काही हलत नाही ते यंत्र बिघडते कसे, हा प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी आधी ती पेटी तिथे कशासाठी उभी आहे हे पाहावे लागते.

एक लाख रुपयांचे ओझे

समजा, लातूरच्या अडतीवर सोयाबीन विकून कोणाला एक लाख रुपये मिळाले. पाचशेच्या नोटा घेतल्या तर दोनशे नोटांची गड्डी खिशात मावते. तीच रक्कम एक रुपयाच्या नाण्यांत घेतली तर पोती भरावी लागतील, गाडी करावी लागेल आणि वाटेत काही नाणी सांडतीलही. रक्कम दोन्हीकडे सारखीच आहे, ओझे मात्र सारखे नाही.

विजेचेही असेच आहे. तारेतून किती वीज वाहून नेली हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते. पहिली म्हणजे दाब, जो व्होल्टमध्ये मोजतात. दुसरी म्हणजे प्रवाह, जो अँपिअरमध्ये मोजतात. व्होल्ट ही नोटेची किंमत समजावी आणि अँपिअर ही नोटांची संख्या. शंभर किलोवॅट वीज २५० व्होल्टने न्यायची तर ४०० अँपिअर प्रवाह लागतो. तीच ११ हजार व्होल्टने नेली तर अवघे ९ अँपिअर पुरतात. (हिशेब सोपा राहावा म्हणून इथे दोनच तारा धरल्या आहेत, प्रत्यक्षात तीन फेज असतात, परंतु मुद्दा बदलत नाही.)

तार तापते ती प्रवाहामुळे, आणि तीही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. वरच्या उदाहरणात दाब ४४ पट वाढवल्याने प्रवाह ४४ पट घटला, म्हणजे त्याच तारेत वाया जाणारी वीज ४४ गुणिले ४४, अर्थात १९३६ पटींनी कमी झाली. विजेच्या जाळ्याची सगळी रचना या एका वर्गाच्या नियमावर उभी आहे, आणि पुढे डीपी का जळते याचे उत्तरही याच नियमात सापडणार आहे.

परळीपासून पारापर्यंत

परळीच्या औष्णिक केंद्रातले जनित्र साधारण १५ ते १६ हजार व्होल्टच्या आसपास वीज तयार करते. केंद्राच्या आवारातच मोठी रोहित्रे तिचा दाब वाढवून ती उंच मनोऱ्यांवरच्या तारांत सोडतात. महाराष्ट्रात या तारा २२० केव्ही, ४०० केव्ही अशा दाबांच्या असतात. केव्ही म्हणजे हजार व्होल्ट. अंबाजोगाईजवळ गिरवली येथे ४०० केव्हीचे उपकेंद्र आहे. तिथून पुढे दाब टप्प्याटप्प्याने उतरतो : १३२ केव्ही, मग ३३ केव्ही, आणि तालुक्यातल्या किंवा मोठ्या गावाजवळच्या उपकेंद्रात ११ केव्ही. ही ११ केव्हीची लाइन शेताशेतांतून फिरते आणि शेवटी डीपीवर येऊन ४३३ व्होल्टची होते. हा दोन फेजमधला दाब झाला; एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात तो २५० भरतो आणि तारेत थोडा गळून घरी पोहोचेपर्यंत २३० च्या आसपास येतो.

वीज मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन झाल्यापासून वीज तयार करण्याचे काम महानिर्मितीकडे, मनोऱ्यांवरून वाहून नेण्याचे महापारेषणकडे आणि गावोगावी वाटण्याचे महावितरणकडे आहे. आपली डीपी या साखळीतली शेवटची कडी असून मोठ्या नोटेची मोड तिथे होते. मोड देणारा थोडा बट्टा कापतो, तशी रोहित्रातही थोडी वीज खर्ची पडते. चांगल्या रोहित्रात भार बेताचा असेल तर ती शेकडा दोनच्या आसपास असते. डीपी वीज निर्माण करत नाही आणि साठवूनही ठेवत नाही.

एकमेकींना न शिवणाऱ्या दोन गुंडाळ्या

पेटीचे झाकण उघडले तर तेलात बुडालेला लोखंडी सांगाडा दिसतो आणि त्याच्या प्रत्येक खांबाभोवती दोन वाइंडिंग, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या असतात. बारीक तारेच्या गुंडाळीला ११ हजार व्होल्टची लाइन जोडलेली असते, तर जाड तारेची गुंडाळी गावाकडे जाते. या दोन गुंडाळ्या एकमेकींना कुठेही जोडलेल्या नसतात. तरीही एकीत सोडलेली वीज दुसरीतून बाहेर पडते, आणि पहिल्यांदा हे ऐकणाऱ्याला ते पटत नाही.

तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होते, हे १८२० मध्ये हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी दाखवले. चुंबकापासून उलट वीज मिळवता येईल का, याचा शोध घेताना मायकल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन स्वतंत्र गुंडाळ्या गुंडाळल्या. पहिल्या गुंडाळीला बॅटरी जोडल्या क्षणी दुसरीला जोडलेल्या वीजमापकाचा काटा हलला आणि लगेच शून्यावर आला. बॅटरी काढली तेव्हा तो पुन्हा हलला, पण उलट दिशेने. बॅटरी जोडलेली असताना मधल्या वेळात मात्र काटा स्थिर होता.

एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. गाडी सरळ रस्त्यावर एकाच वेगाने चालली असेल तर दांडा न धरताही उभे राहता येते. ड्रायव्हरने ब्रेक मारला किंवा एकदम वेग घेतला की तोल जातो. धक्का बसतो तो वेगामुळे नव्हे, वेग बदलल्यामुळे. दुसऱ्या गुंडाळीलाही चुंबकत्व असल्याने नव्हे, तर ते बदलल्याने धक्का बसतो, आणि हाच धक्का म्हणजे वीज. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करत सतत दिशा बदलते, त्यामुळे सांगाड्यातले चुंबकत्वही सतत बदलत राहते आणि दुसऱ्या गुंडाळीत अखंड वीज उपजते. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते, म्हणून ती रोहित्राला चालत नाही. थॉमस एडिसन यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेले वीजकेंद्र अशा एकदिश विजेचे होते आणि ते दीड-दोन किलोमीटरपलीकडे फारसे पोहोचू शकत नव्हते. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या तीन अभियंत्यांनी कामाला येईल असे रोहित्र घडवल्यावर वीज दूर नेण्याचा रस्ता मोकळा झाला.

दाब किती उतरणार हे वेढ्यांवर ठरते. बदलते चुंबकत्व दोन्ही गुंडाळ्यांसाठी एकच असल्याने प्रत्येक वेढ्याच्या वाट्याला सारखेच व्होल्ट येतात. वेढ्याला ५ व्होल्ट धरले, तर ११ हजार व्होल्टच्या बाजूला २२०० वेढे लागतील आणि २५० व्होल्टच्या बाजूला ५०. दाब ४४ पटींनी उतरला आणि प्रवाह तेवढ्याच पटीने चढला. गावाकडची गुंडाळी जाड तारेची का, हे यावरून कळेल.

डीपीखाली उभे राहिल्यावर जो घूं असा आवाज येतो तो या सांगाड्याचा. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचे पातळ पत्रे एकावर एक रचून तो केलेला असतो आणि चुंबकत्व सेकंदाला शंभर वेळा शिखर गाठते तसे हे पत्रे किंचित ताणले जातात. सगळ्या मोटारी बंद असल्या तरी हा आवाज चालूच असतो आणि त्यापायी थोडी वीजही रात्रंदिवस खर्च होत असते.

काही हलत नाही, मग बिघडते काय?

रोहित्रातले लोखंड झिजत नाही आणि तारही झिजत नाही. झिजतो तो कागद. दोन वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तारेवर आणि थरांमध्ये खास कागद गुंडाळलेला असतो, आणि हा सगळा पसारा तेलात बुडवलेला असतो. तेलाला दोन कामे असतात : एक, वीज इकडची तिकडे जाऊ न देणे, दुसरे, गुंडाळीतली उष्णता शोषून पेटीच्या बाजूच्या नळ्यांमधून फिरत ती हवेत सोडणे. तेलचोरी झालेली डीपी चालू ठेवली तर फार काळ का टिकत नाही, ते यावरून ध्यानात येईल. तिचे आवरण आणि गारवा दोन्ही एकदम गेलेले असतात.

कागद उष्णतेने हळूहळू ठिसूळ होतो. ठरावीक मर्यादेच्या वर तापमान दर सहा-आठ अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. पंचवीस वर्षे टिकावे असा कागद सतत जास्त तापला तर दोन-चार वर्षांतच जुन्या पोथीच्या पानासारखा तुटू लागतो. मग एक दिवस लाइनवर लहानसा धक्का बसतो, ठिसूळ कागदाला तडा जातो, शेजारचे दोन वेढे एकमेकांना भिडतात आणि तिथे प्रचंड प्रवाह फिरून तार वितळते. गावाला ती घटना कळते तेव्हा ‘डीपी जळाली’ म्हणतात. वास्तविक ती कित्येक महिने शिजत आलेली असते.

पाण्याचा अंश हा कागदाचा दुसरा शत्रू. तेल तापले की फुगते आणि निवले की आकसते, त्यामुळे पेटी हवा आत-बाहेर करत असते. आत येणारी हवा कोरडी व्हावी म्हणून काचेच्या भांड्यात सिलिका जेलचे दाणे ठेवलेले असतात. हे निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे त्यांची ओल शोषण्याची शक्ती संपली. रस्त्याने जाता-येता दिसणाऱ्या किती डीपींवर हे दाणे निळे आहेत, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे.

६३ केव्हीएवर मोटारी किती?

डीपीवरच्या पत्र्यावर ६३, १०० किंवा २०० असा आकडा आणि पुढे केव्हीए लिहिलेले असते. केव्हीए हे रोहित्राने किती ओझे उचलावे याचे माप आहे. ते किलोवॅटच का नाही, याचे कारण मोटारीत दडलेले आहे. मोटारीला पाणी उपसण्यासाठी वीज लागते, त्याशिवाय स्वतःचे चुंबकत्व उभे करण्यासाठी आणखी काही प्रवाह लागतो, जो काम न करताच डीपीकडून येतो आणि परत जातो. रस्त्यावर ये-जा करणाऱ्या रिकाम्या गाडीसारखा हा प्रकार आहे : माल काही वाहिला जात नाही, रस्ता मात्र अडतो. केव्हीएमध्ये भरलेल्या आणि रिकाम्या दोन्ही गाड्या मोजल्या जातात.

पाच एचपीची एक मोटार म्हणजे ३.७ किलोवॅटचे काम. मोटारीतली घट धरता तिला सुमारे ४.६ किलोवॅट वीज लागते आणि रिकाम्या गाड्या धरून डीपीवर सहा केव्हीएहून थोडे अधिक ओझे पडते. म्हणजे ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा दहा मोटारी नीट चालतील. आता त्या डीपीवर प्रत्यक्षात सोळा मोटारी आहेत असे धरू; काही मंजूर, काहींनी अर्ज करताना तीन एचपी लिहून पाच बसवलेली, काही आकडे टाकून चालणाऱ्या. ओझे झाले सुमारे शंभर केव्हीए, म्हणजे दीडपटीहून थोडे जास्त. वर्गाचा नियम इथे आडवा येतो : गुंडाळीतली उष्णता दीडपट नव्हे, जवळजवळ अडीचपट होते.

आकडा टाकणारा वीज चोरतो एवढेच बहुतेकांना दिसते. माझ्या मते त्याने शेजाऱ्याच्या डीपीचे आयुष्य चोरलेले असते, आणि अर्जात कमी एचपी लिहिणाराही त्याच पंगतीत बसतो.

डीपी भर उन्हाळ्यापेक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या गारठ्यात का जातात, हेही या हिशेबात बसते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बहुतेक विहिरी आणि बोअर आटलेले असतात, त्यामुळे मोटारी बंद असतात. रब्बीत विहिरींना पाणी असते, सगळ्यांना एकाच आठवड्यात पाणी द्यायचे असते आणि शेतीची थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते, म्हणून सगळ्या मोटारी एकाच वेळी चालतात.

कपॅसिटर लावल्याने डीपीचे काय भले होते?

कपॅसिटर, म्हणजे मोटारीला जोडायचे एक लहान उपकरण, ही रिकामी गाडी मोटारीजवळच फिरवतो, त्यामुळे तिला डीपीपर्यंत जावे लागत नाही. पाच एचपीच्या मोटारीला योग्य मापाचा कपॅसिटर लावला तर तिचे ओझे सहाच्या वरून पाच केव्हीएच्या आसपास येते, म्हणजे त्याच ६३ केव्हीएवर दहाऐवजी बारा मोटारी मावतात. हरकत अशी घेतली जाते की शेतीपंपाचे बिल एचपीवर येत असेल तर कपॅसिटरने माझे बिल कमी होत नाही, मग मी खर्च का करावा? हरकत खरी आहे. फायदा बिलात दिसत नाही. तो व्होल्टेज टिकण्यात आणि डीपी वाचण्यात दिसतो, आणि दहा जणांपैकी एकट्याने लावला तर तोही फारसा दिसत नाही. कपॅसिटर लावण्याचे आवाहन इतकी वर्षे होऊनही ते अंगवळणी पडत नाही, त्याचे मूळ मला या हिशेबातच दिसते.

ऑटो स्विचची गोष्ट याहून वाईट आहे. रात्री-अपरात्री वीज आली की मोटार आपोआप चालू करणारे हे यंत्र शेतकऱ्याची झोप वाचवते, आणि साप-विंचवाच्या भीतीने अंधारात शेतात जावे लागणाऱ्याला त्याबद्दल दोष देणे मला जमत नाही. परंतु मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. दहा मोटारी दहा मिनिटांत एकामागून एक सुरू झाल्या तर डीपी ते सोसते. वीज आल्या क्षणी दहाही एकदम सुरू झाल्या तर फ्यूज उडतो. त्याजागी कोणीतरी जाड तार बांधतो आणि डीपीचा शेवटचा राखणदारही जातो.

‘व्होल्टेज कमी, तर वीजही कमीच ओढली जात असेल ना?’

जुन्या पिवळ्या दिव्यापुरते हे खरे आहे. मोटारीचे उलट आहे, कारण विहिरीची खोली आणि उपसायचे पाणी तेवढेच असते. दाब घटला की तेवढेच काम करण्यासाठी ती प्रवाह जास्त ओढते. प्रवाह वाढला की तारेत दाब आणखी गळतो, डीपी आणखी तापते, शेजारच्या मोटारीही जास्त ओढू लागतात. लाइनच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याची मोटार आणि मधली डीपी एकाच आठवड्यात जळतात ते या फेऱ्यामुळे.

मग सरळ मोठी डीपी का बसवत नाहीत?

काही ठिकाणी तोच उपाय असतो. परंतु ६३ च्या जागी १०० बसवली तरी तिला वीज देणारी ११ केव्हीची लाइन आणि उपकेंद्रातले मोठे रोहित्र जुनेच असेल, तर तंगी एक पायरी वर सरकते. दुसरे असे, की डीपीपासून शेवटच्या विहिरीपर्यंत किलोमीटरभर जाणारी ४३३ व्होल्टची तार तशीच राहते आणि दाब खरा गळतो तो तिथे. तिथेच आकडेही पडतात.

म्हणून २०१८ पासून महाराष्ट्रात उच्चदाब वितरण प्रणाली, म्हणजे बोलीत ‘एक शेतकरी एक डीपी’ योजना आली. तीत ११ केव्हीची लाइन विहिरीजवळ नेतात आणि एक-दोन शेतकऱ्यांपुरते छोटे रोहित्र बसवतात. नोटेची मोड दूरच्या बाजारात न करता घराच्या दारात करण्यासारखे हे आहे. ११ हजार व्होल्टवर आकडा टाकायला सहसा कोणी धजत नाही, आणि एखाद्याने ओझे वाढवलेच तर त्याची स्वतःचीच डीपी जाते. खर्च अर्थातच जास्त येतो, कारण एका मोठ्या रोहित्राऐवजी अनेक छोटी घ्यावी लागतात आणि प्रत्येकाचे ते घूं चालूच राहते.

सौरऊर्जा आली की डीपी जाईल का?

विहिरीवर बसवलेला स्वतंत्र सौरपंप डीपीशिवाय चालतो, तेवढ्यापुरते उत्तर होय आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतले सौर प्रकल्प मात्र उपकेंद्राशी जोडलेले असतात. पट्ट्यांतून निघणारी एकदिश वीज आधी इन्व्हर्टर बदलती करतो, मग रोहित्र तिचा दाब वाढवते आणि पुढे शेतापर्यंत तीच लाइन अन् तीच डीपी असते. दिवसा वीज मिळते हा मोठा लाभ आहे, पण ६३ केव्हीएवरच्या सोळा मोटारी दिवसाही सोळाच असतात.

घराच्या छतावर सौर पट्ट्या बसवलेल्यांची तक्रार वेगळी असते : ऊन लख्ख पडलेले असताना लाइन गेली की आमचेही घर का बंद पडते? रोहित्राला दिशा कळत नाही, हे त्याचे कारण आहे. ४४ वेढ्यांकडून एका वेढ्याकडे वीज जाते, तशीच ती एकाकडून ४४ कडेही जाते. लाइन बंद असताना घरातून २३० व्होल्ट मागे गेले, तर डीपी इमानाने त्यांचे ११ हजार व्होल्ट करील, आणि त्याच वेळी वायरमन ‘लाइन बंद आहे’ म्हणून खांबावर चढलेला असेल. म्हणून लाइन गेल्याचे कळताच छतावरचा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. तसा तो थांबलाच पाहिजे असा नियम आहे. दुकानात किंवा लग्नाच्या मांडवात जनरेटर लावताना मेन स्विच न पाडता थेट बोर्डात वायर खुपसणाऱ्याकडे मात्र असा इन्व्हर्टर नसतो.